आधी रिमेकची वही, मग प्रशिक्षण: खान्देशातील ऑप्टिशियनने शिकण्याचा क्रम कसा लावावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील बऱ्याच चष्म्यांच्या दुकानांत काउंटरमागच्या भिंतीवर दोन-चार प्रमाणपत्रे फ्रेम करून लावलेली दिसतात, आणि त्याच दुकानाच्या खालच्या खणात परत आलेल्या प्रोग्रेसिव्ह लेन्सची (एकाच लेन्समध्ये वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असणाऱ्या) पाकिटे रबर लावून ठेवलेली असतात. प्रमाणपत्रे वाढतात तशी पाकिटेही वाढतात, कारण आपण शिकायला निघतो तेच उलट्या क्रमाने. कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन येतो, हॉटेलातल्या कार्यशाळेचे आमंत्रण मिळते आणि आपण जातो. आपल्याला नेमके काय येत नाही, हे निघण्यापूर्वी कोणी तपासत नाही. मीही हेच केले आहे. एकदा दोन दिवस दुकान बंद ठेवून मुंबईच्या प्रशिक्षणाला गेलो, महागड्या कोटिंगची बारीकसारीक माहिती घेऊन परतलो आणि पुढच्या दोन महिन्यांत चार प्रोग्रेसिव्ह जोड्या परत आल्या. चारही वेळा उंचीचे माप, म्हणजे लेन्सच्या खालच्या टोकापासून बाहुलीपर्यंतचे अंतर, चुकले होते आणि त्या प्रशिक्षणात उंचीविषयी एक शब्दही निघालेला नव्हता.

पुढील टप्पे क्रमानेच घ्यावेत. पहिला टप्पा वगळून चौथ्यावर उडी मारणे, ही यातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

टप्पा १ : आठ आठवड्यांची रिमेक वही

रिमेक म्हणजे परत आल्यामुळे पुन्हा बनवून द्यावा लागणारा चष्मा. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि ती काउंटरवर, बिलबुकाच्या शेजारी ठेवावी. प्रत्येक परत आलेल्या चष्म्यासाठी अर्धे पान राखावे. त्यात तारीख, नंबर कोणी काढला, लेन्सचा प्रकार, फ्रेम, मागवताना लिहिलेली मापे, तयार चष्म्यावर स्वतः पुन्हा मोजलेली मापे, ग्राहकाची तक्रार आणि शेवटी कारण, एवढे लिहावे. कारणाची जागा मोजणी होईपर्यंत कोरीच ठेवावी. ग्राहक समोर उभा असताना आपले मन आपोआप दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवते आणि मग वहीतल्या प्रत्येक पानावर “डॉक्टरांचा नंबर चुकला” एवढेच लिहिलेले सापडते.

तक्रार ग्राहकाच्या शब्दांतच लिहावी. अमळनेरच्या बाजूचे एक आजोबा प्रोग्रेसिव्ह परत घेऊन आले आणि म्हणाले, “पायरी दिखस नही, भाऊ.” मी आधी वहीत “जवळचे धूसर” असे लिहिले होते आणि ते साफ चूक होते. त्यांना वाचता येत होते; जिना उतरताना खाली पाहिले की नजर लेन्सच्या वाचनाच्या भागातून जात होती आणि मान वाकवून वरच्या भागातून पाहायचे, हे त्यांना चष्मा देताना कोणी सांगितलेच नव्हते. लेन्स बदलून काही उपयोग नव्हता. पाच मिनिटे जिन्यावर नेऊन दाखवल्यावर तोच चष्मा त्यांनी ठेवून घेतला.

या वहीत एक रकाना असा हवा, जो भरणे जिवावर येते. “आठ दिवस वापरा, सवय होईल” असे सांगून परत पाठवलेल्या प्रत्येक ग्राहकाची नोंद त्यात करावी. यांपैकी काही जण पुन्हा येतात आणि काही कधीच येत नाहीत. जे येत नाहीत ते गावात काय सांगतात, याची कल्पना प्रत्येक दुकानदाराला आहे. रिमेकचा खरा आकडा या रकान्याशिवाय निघत नाही.

आठ आठवड्यांनंतर सर्व नोंदी चार ढिगांत वाटाव्यात: मापाची चूक, नंबराची चूक, फिटिंगच्या टेबलावरची (लेन्स फ्रेममध्ये बसवतानाची) चूक आणि समजावून सांगण्यातली चूक. जो ढीग मोठा, तो या वर्षीचा अभ्यासक्रम.

*इशारा : कोटिंगला बारीक जाळीसारख्या चिरा पडल्या, तर “लेन्स खराब निघाली” असे लिहून मोकळे होऊ नये. उष्णतेने प्लॅस्टिकची लेन्स जेवढी प्रसरण पावते तेवढे वरचे कोटिंग पावत नाही, म्हणून ते तडकते. आपल्याकडच्या मे महिन्यात मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेल्या चष्म्याचे हेच होते, आणि लेन्स बसवलेली असतानाच फ्रेम हीटरवर जास्त वेळ धरली तरीही हेच होते. ग्राहकाला विचारून आणि फिटरला विचारून, मगच कारण लिहावे.*

टप्पा २ : आपली पायरी ओळखणे

शिकण्याच्या संधी शोधताना ऑप्टिशियन (चष्मा बसवून देणारा), व्हिजन टेक्निशियन (डोळे तपासणीतला सहाय्यक) आणि ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढणारा) हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्यातून पैशांची फसवणूक होते. २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. त्याच्या अनुसूचीत नेत्रविज्ञानाच्या गटात ऑप्टोमेट्रिस्ट, ऑप्थॅल्मिक असिस्टंट आणि व्हिजन टेक्निशियन ही नावे आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत पसरलेले किमान २,००० तासांचे शिक्षण, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत पसरलेले किमान ३,६०० तासांचे शिक्षण या कायद्याने अपेक्षिले आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवले, की “सहा महिन्यांत ऑप्टोमेट्रिस्ट व्हा” अशा जाहिरातीची किंमत चटकन कळते.

यावरून आपले तीन मार्ग ठरतात. घरातील मुलगा किंवा मुलगी बारावी विज्ञान करून या व्यवसायात येणार असेल, तर ऑप्टोमेट्रीची पदवीच घ्यावी. मधले आखूड रस्ते पुढे बंद होतात. वीस वर्षे काउंटरवर काढलेल्या माणसाने पदवीचा ध्यास न धरता चष्मा बसवून देण्याच्या कौशल्यात खोल जावे. त्याच्याकडे कोणताही कागद नसेल, तर अनुभवाला मान्यता देणाऱ्या सरकारी कौशल्य योजनेतील “रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग” हा मार्ग चौकशी करण्यासारखा आहे. मात्र ते प्रमाणपत्र अनुभवाचे असते आणि त्याने कोणी ऑप्टोमेट्रिस्ट होत नाही. तिसरा मार्ग फिटरचा. त्याचा विचार पुढे येईलच, कारण त्याला शिकायला कोणी पाठवत नाही.

*तपासणी : दुकानाच्या पाटीवर, कार्डावर आणि चिठ्ठीवर आपल्या नावापुढे लिहिलेला शब्द आपल्याकडच्या कागदाशी जुळतो का, हे आजच पाहावे. अचानक कमी झालेली नजर, दुखणारा लाल डोळा, डोळ्यांपुढे चमकणारे प्रकाशाचे झोत किंवा लहान मुलाच्या बाहुलीत दिसणारी पांढरी झाक, यांपैकी काहीही आढळल्यास चष्म्याचे बोलणे थांबवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.*

टप्पा ३ : बातमी गाळून घेणे

व्यवसायाची बातमी आपल्याकडे बहुधा व्हॉट्सॲपवर, कंपनीच्या पत्रकाच्या छायाचित्रातून येते. तिचे तीन प्रकार करावेत आणि प्रत्येकाची गाळणी वेगळी ठेवावी.

पहिला प्रकार कर आणि नियम यांचा. येथे मूळ कागद आणि आपला हिशेबनीस, हे दोनच आधार धरावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यांवरचा आणि चष्म्याच्या लेन्सवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेव्हा पितृपक्ष नुकताच संपून नवरात्र सुरू होत होते आणि गर्दीच्या दिवसांत जुन्याच दराने बिले फाडण्याचा धोका होता. असा बदल झाला, की त्याच रात्री बिलाच्या सॉफ्टवेअरमधील दर, छापील किमतीची लेबले आणि आगाऊ रक्कम घेऊन ठेवलेले जॉब (बनवायला घेतलेले चष्मे), या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. आगाऊ घेतलेल्या जॉबचा हमखास विसर पडतो.

दुसरा प्रकार संशोधनाचा. येथे एकच प्रश्न विचारावा: कशाची तुलना कशाशी केली? निळा प्रकाश अडवणाऱ्या लेन्स आपण सर्वांनी विकल्या आहेत. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. संगणकावर काम करताना डोळ्यांवर येणारा ताण साध्या लेन्सच्या तुलनेत या लेन्सने थोड्या काळात कमी होतो, असे त्यात दिसले नाही. ही बातमी वाचून लेन्स विकणे बंद करण्याची गरज नाही. पण “याने डोळे दुखायचे थांबतील” हे वाक्य काउंटरवरून काढून टाकावे लागते. त्या ग्राहकाचा ताण बऱ्याचदा चुकीच्या जवळच्या नंबरामुळे, न मिचकावल्याने कोरड्या पडलेल्या डोळ्यांमुळे किंवा स्क्रीन फार वर ठेवल्यामुळे असतो, आणि हे विचारून घेणे फुकट आहे.

उलट बाजूचे उदाहरण मुलांच्या वाढत्या उणे नंबराचे. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात ८ ते १३ वर्षांच्या मुलांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीत, मधोमध साधा नंबर आणि सभोवती बारीक भिंगांची जाळी असलेल्या लेन्समुळे नंबर वाढण्याचा वेग साध्या लेन्सच्या तुलनेत सरासरी ५२ टक्क्यांनी कमी झाला. बातमी खरी आहे, मात्र ती दुकानात आणताना दोन गोष्टी सुटतात. एक तर ही लेन्स डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालवायची असते. आणि दुसरे म्हणजे मधला स्वच्छ भाग जेमतेम ९ मिलिमीटरचा असल्याने माप दोन-तीन मिलिमीटर चुकले, तर मुलाची नजर सहज जाळीत जाते. सैल फ्रेम नाकावरून घसरली तरी तेच होते. ज्याच्या वहीत मापाचा ढीग मोठा आहे, त्याने ही लेन्स विकण्याआधी पुढचा सहावा टप्पा पुरा करावा.

तिसरा प्रकार नव्या मालाचा. त्यासाठी फार वेळ घालवू नये. माल विकायला येणारा माणूस ती बातमी स्वतःच आणून देतो.

टप्पा ४ : प्रशिक्षण निवडणे

आता वहीतला मोठा ढीग समोर ठेवून शोध घ्यावा. आयोजकाला पैसे भरण्यापूर्वी फोनवर चार प्रश्न विचारावेत. हाताने करून पाहण्याचा वेळ किती आहे? एका यंत्रामागे किती जण असतील? शिकवणारा स्वतः काउंटरवर मापे घेतो का? आणि शेवटी आमची मापे कोणी तपासणार का? “संपूर्ण दिवस सादरीकरण आहे, जेवणाची उत्तम सोय आहे” असे उत्तर आले, तर जेवायला जायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

लेन्स कंपन्यांची प्रशिक्षणे वाईट असतात, असे माझे म्हणणे नाही. एखाद्या विशिष्ट प्रोग्रेसिव्हचे माप, तिचा चार्ट आणि तिच्या खुणा शिकायच्या असतील, तर कंपनीचा तांत्रिक माणूसच सर्वांत उपयोगी पडतो. त्याला हॉटेलात गाठण्याऐवजी दुकानात बोलवावे आणि आपल्याकडच्या परत आलेल्या जोड्या त्याच्यापुढे मांडाव्यात. तो आनंदाने येतो, कारण रिमेकचा खर्च त्याच्या कंपनीलाही सोसावा लागतो.

घरबसल्या शिकण्यासाठी ऑर्बिस या संस्थेचे सायबरसाइट हे व्यासपीठ विनामूल्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सहाय्यक साधनांविषयीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही विनामूल्य असून त्यात जवळच्या चष्म्यांचा भाग आहे. दोन्ही ठिकाणची भाषा मुख्यतः इंग्रजी असल्याने दोघातिघांनी मिळून पाहिल्यास बरे पडते. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत ऑप्टिशियनला तीन वर्षांच्या चक्रात ३६ गुणांचे शिक्षण पूर्ण करावे लागते आणि चक्राच्या आरंभी आपल्याला काय शिकायचे आहे, याचा आराखडा लिहून द्यावा लागतो. आपल्या काउंटरवर तशी सक्ती नाही. पण तो आराखडा म्हणजे पहिल्या टप्प्यातील वहीच आहे.

तारखा ठरवताना खान्देशाचे कॅलेंडर पाहावे. जून उजाडला, की शाळांमुळे मुलांचे चष्मे येतात. दसऱ्यापासून कापसाचा पैसा फिरू लागतो आणि दिवाळीनंतर लग्नसराईची खरेदी सुरू होते. या दिवसांत दोन दिवस दुकान बंद ठेवल्यास प्रशिक्षणाची फी सर्वांत छोटा खर्च ठरते. पेरण्या आटोपल्यानंतरचे दिवस आणि पितृपक्ष यांत ग्राहक कमी असतो. भुसावळ-जळगावहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाता येते, धुळ्याहून नाशिक रस्त्याने सोयीचे पडते आणि नंदुरबारच्या माणसाला सुरत जवळ आहे. त्यामुळे “आपल्याकडे काही होत नाही” ही तक्रार अर्धीच खरी आहे.

*इशारा : मालक स्वतः जातो आणि आत बसणारा फिटर कधीच जात नाही, हे टाळावे. वहीतला तिसरा ढीग मोठा निघाला असेल, तर मालकाने दुकान सांभाळावे आणि फिटरला पाठवावे.*

टप्पा ५ : जाण्याआधीची तयारी

चुकीच्या यंत्रावर बरोबर पद्धत शिकून उपयोग होत नाही, म्हणून प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात यंत्रे तपासावीत. लेन्सोमीटरमध्ये, म्हणजे लेन्सचा नंबर मोजणाऱ्या यंत्रात, लेन्स न ठेवता आधी आयपीस पूर्ण बाहेर फिरवावा आणि आतील काळ्या रेषा स्पष्ट दिसेपर्यंत हळूहळू आत आणावा. त्यानंतर चाकाने लक्ष्य स्पष्ट करावे. वाचन शून्यावर यायला हवे. दुकानात तीन जण एकच लेन्सोमीटर वापरत असतील, तर प्रत्येकाने आपल्या डोळ्यासाठी आयपीस नव्याने लावला पाहिजे. हे न केल्याने पाव नंबराचा फरक रोज पडत राहतो आणि तो यंत्राचा दोष समजला जातो.

सोबत नेण्याच्या पिशवीत वहीची छायाचित्रे, पीडी (दोन बाहुल्यांमधले अंतर) मोजण्याची आपली रोजची पट्टी आणि कारण न सापडलेले दोन-तीन परत आलेले चष्मे असावेत. प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत हे चष्मे शिकवणाऱ्यापुढे ठेवले, की फी वसूल होते.

सिलिंडरचा नंबर (तो एका ठरावीक दिशेतच काम करतो आणि ती दिशा ॲक्सिसच्या अंशांवरून ठरते) उलटून लिहिता येतो का, हेही घरीच पाहून घ्यावे. उणे १.०० वर उणे ०.५० सिलिंडर, ॲक्सिस १८०, हा नंबर म्हणजेच उणे १.५० वर अधिक ०.५० सिलिंडर, ॲक्सिस ९०. चिठ्ठी एका पद्धतीत आणि मागणी दुसऱ्या पद्धतीत गेल्याने होणारे घोटाळे अजूनही होतात, आणि ते शिकण्यासाठी मुंबईला जावे लागत नाही.

टप्पा ६ : परतल्यावरचे पहिले पंधरा दिवस

येथे घाई करू नये. माझ्या पाहण्यात बहुतेक सर्व प्रशिक्षणे याच पंधरा दिवसांत वाया जातात, कारण परतल्यावर साचलेले जॉब उरकण्याच्या नादात हात जुन्याच सवयीने चालतो. रोज एक तरी जॉब, ग्राहक कितीही घाईत असला तरी, पूर्ण नव्या क्रमाने करायचा, असा नियम करावा. मापाचा ढीग ज्यांचा मोठा आहे, त्यांच्यासाठी प्रोग्रेसिव्हचा क्रम येथे सविस्तर देत आहे.

१. फ्रेम निवडताना तिच्या खोलीकडे पाहावे. जी लेन्स द्यायची आहे तिच्या चार्टवर किमान उंची दिलेली असते. बाहुलीच्या खाली तेवढी जागा फ्रेममध्ये नसेल, तर फ्रेम बदलावी. ग्राहकाला तीच फ्रेम हवी असल्यास लेन्स बदलावी. दोन्ही तशाच ठेवून “जमवून घेऊ” म्हणू नये.

२. मापाच्या आधी फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवावी. नोज पॅड, काड्यांची लांबी, दोन्ही बाजूंची पातळी आणि खालच्या काठाचा गालाकडे असणारा कल, हे सर्व आत्ताच करायचे असते. सैल फ्रेमवर माप घेऊन चष्मा देताना काड्या आवळल्या, की फ्रेम वर सरकते आणि घेतलेले माप निरुपयोगी होते. माझ्या चारपैकी तीन जोड्या याच कारणाने परत आल्या होत्या.

३. ग्राहकाला उभे करावे आणि दुकानाबाहेर, रस्त्यापलीकडच्या एखाद्या पाटीकडे पाहायला सांगावे. खुर्चीत बसवून “सरळ बघा” म्हटले, की माणूस फोटो काढल्यासारखी हनुवटी उचलतो. आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीत आणावेत. उंच माणसासाठी पाटावर उभे राहावे लागले, तरी लाजू नये.

४. दूरची पीडी प्रत्येक डोळ्यासाठी स्वतंत्र मोजावी. एकूण ६३ आली म्हणून दोन्हीकडे ३१.५ लिहिणे ही सर्रास होणारी चूक आहे. उजवा ३३ आणि डावा ३० असणारी नाके आपल्याकडे भरपूर आहेत, आणि प्रोग्रेसिव्हच्या अरुंद पट्ट्यात हा दीड मिलिमीटर जाणवतो.

५. डेमो लेन्सवर (फ्रेममध्ये आधीपासून असलेल्या नमुन्याच्या लेन्सवर) मार्करने बाहुलीच्या मध्यावर ठिपका द्यावा. ग्राहकाचा उजवा डोळा पाहताना आपला डावा उघडा ठेवून उजवा मिटावा आणि डाव्यासाठी उलट करावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दिलेला ठिपका बाजूला सरकतो.

६. फ्रेम काढायला लावावी, पुन्हा घालायला सांगावी, चार पावले चालायला सांगावे आणि ठिपके पुन्हा पाहावेत. ते हलले असतील, तर दुसऱ्या पायरीवर परत जावे.

७. उंची मोजताना प्रयोगशाळेला कोणते माप हवे आहे, हे पक्के माहीत असावे. मागणीपत्रावर बहुधा लेन्सच्या सर्वांत खालच्या टोकापासूनची उंची अपेक्षित असते. आपण मात्र बाहुलीच्या सरळ खाली पट्टी लावतो. गोल किंवा चौकोनी फ्रेममध्ये फरक थोडा असतो. वैमानिकी धाटणीच्या, खालून तिरक्या उतरणाऱ्या फ्रेममध्ये तो दोन-तीन मिलिमीटर होतो. माप फ्रेमच्या बाहेरच्या काठापासून घेऊ नये, लेन्स जिथे खोबणीत बसते तिथपासून घ्यावे.

*तपासणी : उंची जास्त गेली असेल, तर दूरचे स्पष्ट पाहण्यासाठी ग्राहक हनुवटी खाली घेतो. उंची कमी पडली असेल, तर वाचताना हनुवटी वर करतो. तक्रार ऐकण्याआधी त्याची मान पाहावी.*

तयार चष्मा आल्यावर लेन्सवरच्या पिवळ्या-पांढऱ्या छापील खुणा पुसू नयेत. हे वाक्य फिटरच्या टेबलासमोर भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे आहे. त्याला वाटते, की चष्मा लख्ख पुसून दिला म्हणजे काम चोख झाले. म्हणून तो स्पिरिटचा बोळा फिरवतो आणि चूक कोठे झाली, हे शोधण्याची सोपी वाट बंद होते. खुणा असतानाच चष्मा ग्राहकाला घालावा, फुली बाहुलीवर येते का पाहावे, दूरचा नंबर दाखवलेल्या वर्तुळातच तपासावा आणि नंतरच खुणा पुसाव्यात. पुसल्या गेल्याच असतील, तर लेन्स उजेडाकडे तिरकी धरून कोरलेल्या दोन बारीक खुणा शोधाव्यात. त्या एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर असतात आणि कानाकडच्या खुणेखाली जवळच्या नंबराची वाढ कोरलेली असते. कंपनीच्या चार्टवर लेन्स ठेवून या दोन खुणांवरून सर्व छापील खुणा पुन्हा काढता येतात.

एकेरी नंबराच्या चष्म्याला हे सर्व लागू नाही, म्हणून तेथे माप चालढकलीने घेतले जाते. उणे ६.०० नंबराच्या ग्राहकाची पीडी चार मिलिमीटरने चुकली, म्हणजे प्रत्येक डोळ्याला दोन मिलिमीटर, तर ०.२ सेंटिमीटर गुणिले ६ या हिशेबाने प्रत्येक डोळ्यावर १.२ आणि दोन्ही मिळून २.४ प्रिझम (प्रतिमा बाजूला सरकवणारा परिणाम) पडतो. नंबर लेन्सोमीटरवर अचूक येतो, डोके मात्र दुखत राहते, आणि ग्राहक पुन्हा नंबर काढायला डॉक्टरांकडे जातो. वर-खाली झालेली चूक तर यापेक्षा कमी सहन होते.

नंबराचा ढीग मोठा असणाऱ्यांनी पंधरा दिवस एकच प्रश्न सवयीचा करावा: काम किती अंतरावर आहे? जळगावच्या सराफ बाजारात बारीक काम करणारा कारागीर दागिना साधारण २८ सेंटिमीटरवर धरतो. १०० ला २८ ने भागले, तर ३.५७ डायॉप्टरची (डायॉप्टर हे नंबराचे एकक) गरज निघते. आपण ४० सेंटिमीटरच्या तक्त्यावर, २.५० च्या गरजेने, त्याचा जवळचा नंबर ठरवून प्रोग्रेसिव्ह बसवतो आणि तो दोन दिवसांत परत येतो. त्याला हातात पक्कड देऊन, त्याच्याच अंतरावर, ट्रायल फ्रेमवर (नंबर तपासण्याच्या फ्रेमवर) पाहायला लावावे आणि कामासाठी वेगळा चष्मा सुचवावा. शिवणकाम करणाऱ्या ताई, केळीच्या गाड्यांच्या पावत्या लिहिणारे मुनीम आणि बसमध्ये उभ्याने तिकीट फाडणारे वाहक, यांची अंतरे एकमेकांपासून वेगळी आहेत.

टप्पा ७ : पुन्हा मोजणी आणि दुसऱ्याला शिकवणे

पंधरा दिवसांनंतर वहीत नव्या पानावर पुन्हा आठ आठवडे मोजावेत. त्याच प्रकारच्या लेन्स किती विकल्या आणि त्यांतील किती परत आल्या, हे दोन्ही आकडे लिहावेत. नुसती परत आलेल्यांची संख्या फसवते, कारण दिवाळीच्या दिवसांत विक्रीही वाढलेली असते. ढीग कमी झाला नसेल, तर नवे प्रशिक्षण शोधण्यापूर्वी सहाव्या टप्प्यातली कोणती पायरी गळाली, ते पाहावे. माझ्या दुकानात ती दरवेळी सहावी पायरी असते: चार पावले चालायला सांगणे.

तालुक्यातील चार-पाच दुकानदारांनी महिन्यातून एकदा, दुकाने बंद झाल्यावर, एकत्र बसावे. पाचोरा, चाळीसगाव किंवा शिरपूरसारख्या गावात हे लोक एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांचे ग्राहकही ओळखतात, म्हणून सुरुवातीला कोणी आपला बिघडलेला जॉब दाखवणार नाही. त्यावर उपाय असा, की पहिला बिघडलेला जॉब बोलावणाऱ्याने स्वतःचा आणावा. ग्राहकाचे नाव सांगू नये. प्रत्येकाने त्याच चेहऱ्यावर, त्याच फ्रेमवर मापे घ्यावीत आणि ती चिठ्ठ्यांवर लिहून एकदम उघडावीत. आमच्या पहिल्या बैठकीत पाच जणांनी एकाच माणसाची उंची मोजली आणि चिठ्ठ्यांवर १७ पासून २१ पर्यंत आकडे निघाले. ज्याचा चेहरा मोजला, तो चहा घेऊन आलेला मुलगा होता. त्याला खुर्चीतून उठवून आम्ही पुन्हा मोजायला लागलो, तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते.